घाट उतरला की आपण मोजणीतून सुटतो



दिवाळी झाली. सोयाबीन सोंगायले गेलेली माणसं काही परत आली, काही तिकडूनच कापूस वेचायले निघून गेली. आता हरभरा, मग गहू, मग वीटभट्टी, संत्र्याचे बगीचे. होळीपर्यंत आपली अर्धी गावं घाटाखाली राहतील. हे दरवर्षीचं आहे, त्यात नवं काही नाही. पण यावेळी त्याचा एका मोठ्या गोष्टीशी संबंध आहे आणि ती गोष्ट आपल्या बैठकांमध्ये कोणी नीट काढत नाही, म्हणून लिहितो.

जनगणना येत आहे. 2021 ला होणार होती, कोरोनात राहिली. 16 जून 2025 ला केंद्र सरकारची अधिसूचना निघाली. घरांची यादी 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये होईल, आणि माणसांची मोजणी 1 मार्च 2027 ही तारीख धरून होईल. आपल्या राज्यघटनेत असं लिहिलं आहे की लोकसभेच्या आणि विधानसभेच्या जागा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जशा आहेत तशाच ठेवायच्या. ती पहिली जनगणना हीच. म्हणजे यानंतर मतदारसंघ नव्याने कापले जाऊ शकतात. कोणतं गाव कोणत्या आमदाराकडे, कोणता तालुका कोणत्या खासदाराकडे, कोणती जागा राखीव, हे सगळं या आकड्यांवर ठरेल.

हे सांगितलं की बैठकीत कोणी ना कोणी म्हणतेच, "मोजू दे ना भाऊ, मोजल्यानं काय आपल्याले जमीन भेटते?" नाही भेटत. पण न मोजल्यानं काय गेलं, ते पाहून घ्या.

आज आपण कुठं आहोत ते आधी सांगतो. मेळघाट विधानसभा आदिवासींसाठी राखीव आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके पूर्ण, आणि अचलपूर तालुक्याचा काही भाग. ही विधानसभा अमरावती लोकसभेत येते. त्या लोकसभेत बडनेरा, अमरावती, तिवसा, दर्यापूर, अचलपूर आणि मेळघाट अशा सहा विधानसभा. मतदार अठरा लाखांवर. त्यात मेळघाटचे तीन लाखांच्या आसपास, म्हणजे सहा मतदारांमागे एक. पण अमरावती जिल्हा पूर्ण अमरावती लोकसभेत नाही बरं का. मोर्शी आणि धामणगाव ह्या दोन विधानसभा वर्धा लोकसभेला जोडल्या आहेत. मोर्शी-वरूडकडचे आपले गोंड, कोरकू भाऊ वर्ध्याच्या खासदाराला मत देतात. अकोट, तेल्हाऱ्याकडचे अकोल्याच्या खासदाराला. एकाच सातपुड्याच्या पायथ्याची माणसं, आणि लोकसभा तीन.

अमरावतीचे खासदार कोण कोण झाले ते पाहा. 1952, 1957, 1962 डॉ. पंजाबराव देशमुख. दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते, मोठा माणूस. 1967 आणि 1971 ला कृष्णराव देशमुख, 1977 ला नाना बोंडे, 1980 आणि 1984 उषाताई चौधरी, 1989 ला लाल बावट्याचे सुदाम देशमुख, 1991 ला प्रतिभाताई पाटील, ज्या पुढं राष्ट्रपती झाल्या. 1996 ला अनंत गुढे, 1998 ला दादासाहेब गवई, परत दोन वेळा गुढे, 2009 आणि 2014 आनंदराव अडसूळ, 2019 नवनीत राणा, 2024 बळवंत वानखडे. सगळे पक्ष येऊन गेले. पंजा, धनुष्यबाण, विळा-कणीस, अपक्षसुद्धा. यात कोरकू नाव एकही नाही, गोंडही नाही. आमदार मात्र आपले होतात. 2009 ला केवलराम काळे, 2014 ला प्रभुदास भिलावेकर, 2019 ला राजकुमार पटेल, 2024 ला परत काळे. ते आपलं काम किती करतात तो वेगळा लेख होईल. तरी एक आहे, सभेत ते आपल्या बोलीत बोलू शकतात, आणि म्हातारी माणसं उठून त्यांना तोंडावर विचारू शकतात. खासदाराला मेळघाटात तसं विचारलेलं मी पाहिलं नाही.

कोणी म्हणेल, खासदाराचं काय एवढं? वनहक्क कायदा डिसेंबर 2006 मध्ये संसदेत झाला. वाघांचं प्राधिकरण संसदेच्या कायद्यानं झालं. गाव उठवायचे पैसे, आधी कुटुंबाला दहा लाख, आता पंधरा लाख, हा दर दिल्लीत ठरला. धूळघाटवरून जाणारी आपली लहान गाडी 2017 पासून बंद आहे, ती रेल्वे दिल्लीची. आपलं जेवढं जगणं-मरणं आहे त्यातलं निम्मं दिल्लीच्या हातात आहे.

आता जुनी गोष्ट. 1952 ची पहिली निवडणूक झाली तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. बैतूल, खंडवा, छिंदवाडा आणि मेळघाट एकाच राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची वाटणी झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात आला, बैतूल-खंडवा तिकडे राहिले. भाषेवर वाटणी केली म्हणतात. मराठी इकडे, हिंदी तिकडे. कोरकू भाषेला कोणी विचारलं नाही. आपली भाषा मराठीचीही बहीण नाही आणि हिंदीचीही नाही, ती मुंडारी-संथाली या घरातली आहे. 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी कोरकू मातृभाषा सांगितली. एवढे लोक एका राज्यात असते तर गोष्ट वेगळी झाली असती. आज भैसदेहीच्या बाजारात जा, तिथली माणसं आपल्याच भाषेत भाव करतात. मुली तिकडच्या इकडे, इकडच्या तिकडे. पण भैसदेही ज्या बैतूल लोकसभेत आहे ती 2008 च्या आखणीत आदिवासींसाठी राखीव झाली आणि 2009 पासून तिथून आदिवासी खासदार दिल्लीला जातो. बैतूल जिल्ह्यात आदिवासी 42 टक्के आहेत. अमरावती जिल्ह्यात 14 टक्के. त्याच वेळच्या आखणीत आपली अमरावती अनुसूचित जातींसाठी राखीव झाली.

यावरून आपल्यातले काही तरुण नाराज असतात की आपल्या डोक्यावर दुसऱ्यांची राखीव जागा आली. मला हे पटत नाही. नियम समजून घ्या. आदिवासींची राखीव जागा जिथे आदिवासींची टक्केवारी सगळ्यात जास्त तिथेच द्यायची असते. अनुसूचित जातींची जागा राज्यात वेगवेगळ्या भागांत वाटून द्यायची असते. महाराष्ट्रात 48 पैकी चार लोकसभा आदिवासींच्या आहेत. नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. अख्ख्या विदर्भात एक. अमरावतीत अनुसूचित जाती साडेसतरा टक्के आहेत, त्यांची जागा त्यांच्या हक्कानं आली, आपल्या ताटातून काढून दिली नाही. आणि खरं सांगायचं तर वऱ्हाडात आदिवासींची लोकसभा होणार, असं गाजर मी कोणाला दाखवत नाही. चौदा टक्क्यांत ती होत नाही. आपल्याला जे सांभाळायचं आहे ते आहे मेळघाट विधानसभा, आणि घाटाखालच्या आपल्या माणसांची ओळख.

हे घाटाखालचं प्रकरण काय आहे ते नीट ऐका, कारण ते फार लोकांना माहीत नाही. देश स्वतंत्र झाल्यावर आदिवासी जमातींच्या याद्या झाल्या, त्या भागाप्रमाणे झाल्या. आपल्या बाजूला कोरकू, गोंड, आंध वगैरे जमाती आदिवासी धरल्या त्या फक्त ठरावीक तालुक्यांत. अमरावती जिल्ह्यात तो तालुका एकच, मेळघाट. यवतमाळमध्ये केळापूर, वणी, यवतमाळ. चांद्यात गडचिरोली, सिरोंचा. म्हणजे चिखलदऱ्याचा कोरकू आदिवासी, आणि त्याचा सख्खा भाऊ परतवाड्याखाली शेतावर सालदार राहिला असेल तर तो आदिवासी नाही. अकोटच्या पायथ्याचा नाही. मोर्शीचा नाही. कागदावर घाट हीच जात होती. घाट चढला की आदिवासी, उतरला की कोणीच नाही. हे वीस-पंचवीस वर्षं चाललं. 1976 ला संसदेनं कायदा करून ही तालुक्याची अट काढली, तेव्हा खालची माणसं पहिल्यांदा यादीत आली. त्याआधीच्या 1961 आणि 1971 च्या मोजणीत ती आदिवासी म्हणून नाहीतच. आणि गंमत पाहा, त्याच 1976 मध्ये घटनेत दुसरी दुरुस्ती झाली की लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी 1971 च्या आकड्यांवर गोठवायची. ते गोठवणं पुढं वाढवत नेलं, आजही चालू आहे.

आज खाली किती जण आहेत? 2011 च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्यात आदिवासी चार लाखांवर. धारणी आणि चिखलदरा मिळून लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर, त्यात चारातले तीन आदिवासी, म्हणजे सव्वादोन लाख धरा. मग उरलेले? दीड लाखाच्या वर आदिवासी याच जिल्ह्यात घाटाखाली राहतात. अकोला जिल्ह्यात आणखी एक लाखाच्या आसपास, तिथल्या अठरा लाखांत साडेपाच टक्के. आपण "मेळघाट, मेळघाट" करतो, मोर्चा मेळघाटचा, कुपोषण मेळघाटचं, आणि हे अडीच लाख लोक कोणाच्या घोषणेत येत नाहीत. आपल्या संघटनेच्याही नाही. हे बोचेल, पण लिहिलं पाहिजे.

आता पुनर्वसन. 1974 ला व्याघ्र प्रकल्प झाला. बोरी, कोहा, कुंड ही गावं 2001 नंतर आधी उठवली आणि अकोट तालुक्यात नेली. 2007 ला वाघाचा गाभा ठरला, दहा लाखांचं पॅकेज आलं आणि उठवण्याला वेग आला. केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा अशी गावं खाली आली. सगळीच अकोटला नाही गेली, काही दुसऱ्या तालुक्यांतही गेली. खाली काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी, हवा, मजुरी, दवाखाना, मरणं. लोक परत वर गेले, आणि जानेवारी 2019 मध्ये केलपाणी-गुल्लरघाटकडे गावकरी आणि वनखात्याचे, पोलिसांचे लोक समोरासमोर आले, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. त्यावर आपण बरंच लिहिलं. जमिनीचा हिशेब मागितला, पैशांचा मागितला. एका गोष्टीचा हिशेब मागितला नाही, मताचा.

गाव मेळघाटातून अकोट तालुक्यात गेलं म्हणजे काय काय बदललं? जिल्हा बदलला, अमरावतीचा अकोला झाला. विधानसभा बदलली, राखीव मेळघाटची खुली अकोट झाली. लोकसभा बदलली. धारणी-चिखलदरा हे दोन तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहेत, अनुसूचित क्षेत्र आहे, तिथे पेसा लागू आहे, सरपंच आदिवासीच असतो. अकोला जिल्ह्यात एक गावसुद्धा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे घाट उतरल्याबरोबर पेसा गेला, पेसाची ग्रामसभा गेली, सरपंचपद गेलं, आमदार गेला. पॅकेजच्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नसते. घर, जमीन, रस्ता, शाळा, स्मशान सगळं लिहिलेलं असते. ग्रामसभेची संमती घेताना कोणत्या साहेबांनी सांगितलं की "बापू, तुझा मतदारसंघ पण जाईल"? मी ज्या वस्त्यांमध्ये विचारलं तिथं कोणालाच सांगितलं नव्हतं. एका वस्तीत एक दादा म्हणाले, "वरतं होतो तं निवडणुकीत गाडी आमच्या दारापावतर ये. अथी आमी शंभर मतं. शंभर मतासाठी कोन येते?" बाजूच्या बाईनं सरळ हिशेब केला, "वरतं आमी गाव होतो, अथी आमी वार्ड हावो."

आणि ज्यांनी रोख पैसे घेतले त्यांचं तर गावच राहिलं नाही. एक भाऊ परतवाड्याला, एक तेल्हाऱ्याला, एक सुनेच्या गावी. त्यांना कोण शोधणार आणि कोणत्या यादीत?

पण याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे आणि ती वर राहिलेल्यांसाठी आहे. विधानसभा मतदारसंघ आखताना प्रत्येकात साधारण सारखी लोकसंख्या ठेवावी लागते. मेळघाटातली माणसं कमी भरली तर आयोग काय करेल? घाटाखालची गावं आणखी जोडेल. आजही अचलपूर तालुक्याचा तुकडा जोडलेलाच आहे. जितकी गावं आपण खाली उतरवू, जितकी माणसं मोजणीत गळतील, तितका खालचा भाग वर जोडावा लागेल. जागा राखीवच राहील, उमेदवार आदिवासीच राहील, पण तो कोणाच्या मतावर निवडून येईल? खालच्या पाटलांच्या, बागायतदारांच्या, व्यापाऱ्यांच्या. तो मग कोणाचं ऐकेल, ते सांगायला नको. खाली जोडायचंच असेल तर आपली पुनर्वसित गावं जोडा ना, हे आपण म्हणू शकतो. जिल्हा वेगळा म्हणतील. पण लोकसभेला जिल्ह्याची सीमा आडवी येत नाही. वाशिम जिल्ह्यातलं रिसोड अकोला लोकसभेत आहे, अमरावतीची मोर्शी वर्ध्यात आहे. मग पुनर्वसित गावं निदान आपल्या लोकसभेत का नाही येऊ शकत? विधानसभेचं अवघड आहे, जिल्हा मोडून विधानसभा करत नाहीत. तरी मागणी नोंदवली पाहिजे. 2008 च्या आखणीच्या आधी हरकती मागवल्या होत्या, सुनावण्या झाल्या होत्या. आपण तेव्हा कुठं होतो? मी तर शाळेत होतो, पण मोठ्यांना विचारलं तर तेही म्हणतात की कोणी सांगितलंच नाही. या वेळी सांगतो आहे.

आता मोजणीच्या तारखेकडे या. 2011 च्या वेळी मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी अशी झाली. नियम असा होता की या दिवसांत माणूस आपल्या घरी एकदाही असला तर त्याला घरी धरायचं, आणि सगळे दिवस बाहेर असला तर जिथे सापडला तिथे धरायचं. त्या वर्षी होळी पेटली 19 मार्चला. आपली माणसं होळीला येतात, फेब्रुवारीत नाही. म्हणजे 2011 ला आपले कितीतरी लोक अंजनगावच्या शेतात, अकोल्याच्या भट्टीवर मोजले गेले असतील, किंवा कुठेच नसतील. भट्टीवाला मोजणीवाल्या मास्तरला काय सांगते? "बाहेरचे हायेत, जातील चार दिवसांत." आणि गावात मास्तर येतो तेव्हा घराला काटी लावलेली. झालं, घर बंद.

2027 ला 1 मार्चला मोजणी संपेल आणि होळी आहे 21-22 मार्चला. तीन आठवडे! फगवा मागायला सगळं गाव भरेल तेव्हा मोजणीचे कागद जिल्ह्याला पोहोचलेले असतील. या वेळी तर कागदही नाही, मोबाईलवर मोजणी आहे म्हणतात. आपल्याकडे रेंजसाठी टेकडीवर चढावं लागते, ते मास्तर चढतील की नाही देव मुठवा जाणे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपली मोजणी आधी आपण करायची. प्रत्येक ढाण्यात एक वही. घरात किती माणसं, त्यातली किती बाहेर, कुठल्या गावी, कोणत्या मुकादमाबरोबर, केव्हा जातात, केव्हा येतात. शिकलेली पोरं-पोरी प्रत्येक गावात आता आहेत, बारावी झालेली, रिकामी बसलेली. ही वही ग्रामसभेत वाचायची आणि ठरावासकट तहसीलला द्यायची, पोच घ्यायची. वनहक्काच्या दाव्याची पोच घ्यायला आपण शिकलो तसंच. तिसरी गोष्ट, तीन आठवड्यांची सूट मागायची. नाहीच दिली तर फेब्रुवारीत दोन दिवस घरी यायचं, घरटी निदान दोन मोठी माणसं. मजुरी बुडेल, हे मला कळते. माझ्या घरचीही बुडेल.

जमातीचं नाव सांगताना सरळ सांगा. यादीत कोरकूच्या नोंदीतच बोपची, मौआसी, निहाल हेही आहेत, म्हणून निहाल भावांनी आपलं नाव लपवायची गरज नाही. मास्तर विचारेल मातृभाषा कोणती, तर लाजून हिंदी सांगू नका. शाळेत हिंदी-मराठी बोलतो म्हणून मातृभाषा बदलत नाही. माय ज्या भाषेत झोपवते ती लिहून घ्या म्हणा, आणि त्यानं काय लिहिलं ते शिकलेल्या पोराला पाहू द्या.

पुनर्वसित वस्त्यांसाठी तर वेळ फारच थोडा आहे. गाव-तालुक्याच्या सीमा 31 डिसेंबर 2025 नंतर जनगणना होईपर्यंत बदलायच्या नाहीत असं ठरलं आहे. तुमच्या वस्तीला महसुली गाव म्हणून नाव आहे की शेजारच्या मोठ्या गावात धरलं आहे, हे तलाठ्याकडे आत्ताच जाऊन विचारा. शेजारच्या गावात धरलं असेल तर आकड्यात तुमचं गाव कधी दिसणारच नाही. वर राहिलेल्या वनगावांचंही तेच. वनगावाचं महसुली गाव करायचा हक्क वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये आहे, आपण तो दाव्यात लिहितो आणि मग विसरतो.

एक वाद राहिला. 2024 च्या लोकसभेला रंगुबेलीकडच्या गावांनी रस्ता, पाणी, विजेसाठी मतदानावर बहिष्कार टाकला. त्यांचा राग खराच आहे, मी त्यांना नावं ठेवणार नाही. आता काही साथी म्हणतात की जनगणनेवरही बहिष्कार टाकू, सरकार हादरेल. मला वाटते सरकार हादरणार नाही, खूश होईल. मतावर बहिष्कार टाकला तर पाच वर्षांनी परत मत येते. मोजणीवर टाकला तर जंगलात माणूसच नाही असं लिहून घेतील, आणि जिथे माणूस नाही तिथे वाघाचा गाभा वाढवायला किती वेळ लागते? पन्नास वर्षं त्यांना हेच पाहिजे होतं. नकाशावर आपली जागा हिरवी आणि रिकामी.

आणखी एक, बाया-पोरींसाठी. 2023 ला संसदेनं एक तृतीयांश जागा स्त्रियांना द्यायचा कायदा केला, राखीव जागांतल्या सुद्धा. तो या मोजणी आणि आखणीनंतर लागू होईल. म्हणजे मेळघाटच्या जागेवर बाई उभी राहायची वेळ येऊ शकते. बचतगटाच्या बैठकीत हे सांगा, पुरुष सांगणार नाहीत.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या. वहीचा नमुना पुढच्या अंकात छापतो आहे, साधा आहे, सहा रकाने. ज्यांना आधी पाहिजे त्यांनी धारणीच्या शुक्रवारच्या बैठकीला यावं, किंवा अकोटकडच्या साथींनी बाजाराच्या दिवशी भेटावं. येताना आपल्या ढाण्यातल्या बाहेर गेलेल्या माणसांचा अंदाजी आकडा घेऊन या, अंदाजीच चालेल.